दोनशे किलोमीटरचं कर्नेल

१०,२३९ ओळी. सुरुवात एवढीच होती! सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, जगासाठी खुलं केलं. ही त्याची, म्हणजे लिनक्सची, ०.०१ आवृत्ती. आज याच लिनक्सच्या ओळी मोजायला बसलं की बोटं, कॅल्क्युलेटर आणि कल्पनाशक्ती सगळीच अपुरी पडतात. म्हणून आपण ते मोजण्यासाठी मध्य रेल्वेचे रूळ वापरू.

एक अखंड कागदी पट्टी घ्या. तिच्यावर कर्नेलची एकेक ओळ एकाखाली एक छापा. प्रत्येक ओळीला जागा फक्त पाच मिलिमीटर. पट्टीचं एक टोक सीएसएमटीच्या फलाटाला चिकटवा आणि रुळांच्या कडेनं ती उलगडत निघा.

१९९१ ची पहिली आवृत्ती: ५१ मीटर. लोकलचे जेमतेम अडीच डबे! पट्टीनं फलाटसुद्धा सोडलेला नाही. मार्च १९९४, आवृत्ती १.०: १,७६,२५० ओळी, म्हणजे साधारण ८८० मीटर. अजून मस्जिद स्टेशनही आलेलं नाही. आणि मग पट्टीनं वेग घेतला. जून २००५ मध्ये आवृत्ती २.६.१२ आली तेव्हा ओळी होत्या ६७ लाख ७७ हजार. गुणाकार करून पाहा: ३४ किलोमीटर. ठाणे! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात थांबली, तिथेच पट्टी पोचली. गाडीला सव्वा तासही लागला नव्हता, पट्टीला चौदा वर्षं लागली. पण पुढचा टप्पा पाहा. ऑक्टोबर २००८: ९७ लाख ओळी, ४८ किलोमीटर, डोंबिवली. पाचच महिन्यांनी, मार्च २००९: १ कोटी ९ लाख ओळी, ५४ किलोमीटर, कल्याण जंक्शन!

आणि जानेवारी २०२५? ४ कोटी ओळी. कोड, टिपा, मदतीचा मजकूर, रिकाम्या ओळी, सगळं धरून ४ कोटी. पट्टीची लांबी २०० किलोमीटर. कल्याण मागे पडलं, बदलापूर गेलं, कर्जतही गेलं. पट्टी बोरघाट चढली, लोणावळा ओलांडून खाली उतरली. सीएसएमटीपासून पुणे स्टेशन १९२ किलोमीटरवर आहे, म्हणजे पट्टी पुण्यात पोचूनही संपत नाही. उरलेले आठ किलोमीटर ती हडपसरच्या पलीकडे जाते. अडीच डब्यांपासून हडपसरपर्यंत, आणि तेही एका माणसाच्या नोकरीच्या काळात!

आता पट्टी गुंडाळू आणि पानं मोजू. पानाला ५० ओळी धरल्या तर ८ लाख पानं होतात. चारशे पानी ग्रंथ बांधले तर २,००० ग्रंथ, आणि ते ठेवायला ४० मीटर लांबीची फळी. ठाणे स्टेशनबाहेर दोन रुपये पानानं झेरॉक्स काढायचं म्हटलं तर बिल १६ लाख रुपये.

आणि वाचायचं म्हटलं तर? डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस धरा. जाता-येता मिळून दोन तास लोकलमध्ये जातात. समजा त्याला रोज बसायला जागा मिळाली. समजा तो एका ओळीला फक्त तीन सेकंद देतो. दोन तासांत २,४०० ओळी वाचून होतील. वर्षाचे ३०० दिवस असं वाचत राहिला, तर ४ कोटी ओळी संपायला साडेपंचावन्न वर्षं लागतील. विसाव्या वर्षी सुरुवात केली तर वाचन संपेल पंचाहत्तरी उलटल्यावर.

पण संपेल कुठलं! २०२० च्या सुरुवातीला कर्नेलमध्ये २ कोटी ७८ लाख ओळी होत्या. तिथून पाच वर्षांत ४ कोटी. म्हणजे सरासरी रोज साडेसहा हजारांहून अधिक नव्या ओळी. आपला डोंबिवलीकर रोज २,४०० वाचतोय आणि रोज त्याच्यापुढे ६,६०० वाढतायत! पट्टी रोज दीड डब्यानं लांबते, महिन्याला एक किलोमीटर, वर्षाला बारा. ठाण्याहून निघाली तर एका वर्षात दिवा ओलांडून कोपरच्या आसपास येईल. याच वेगानं ती वाढत राहिली, तर साडेपंचावन्न वर्षांनी पुस्तक मिटताना त्याच्यासमोर साडेतेरा कोटी न वाचलेल्या ओळी असतील. सुरुवातीला होत्या त्याच्या तिपटीहून जास्त!

एवढं आहे तरी काय यात? उत्तर एका शब्दात: ड्रायव्हर. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची भाषा वेगळी. वायफायची वेगळी, प्रिंटरची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, टचपॅडची वेगळी. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूचा दुभाषा. कर्नेल त्याला सांगतं, तो वस्तूला सांगतो. जगात जितक्या तऱ्हेच्या वस्तू, तितके दुभाषे लागणार. म्हणून कर्नेलच्या ओळींपैकी साधारण ६० टक्के ओळी फक्त ड्रायव्हरच्या आहेत. दोन कोटी चाळीस लाख ओळी, १२० किलोमीटर! सीएसएमटीहून निघून कर्जत मागे टाकून बोरघाटात शिरेपर्यंत नुसते दुभाषेच दुभाषे.

आणि यातला एकच दुभाषा ऐका. एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांचा ड्रायव्हर. त्याच्या एकट्याच्या ओळी ५० लाखांच्या वर. त्यातला मोठा भाग यंत्रानंच तयार केलेल्या तक्त्यांचा आहे, पण लांबी ती लांबीच! पंचवीस किलोमीटर. ठाण्याहून टाकायला घ्या: कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर सगळं ओलांडून अंबरनाथच्या वेशीवर तो संपतो. पडद्यावर चित्र उमटवणारा एक ड्रायव्हर आणि १९९१ चं अख्खं कर्नेल शेजारी ठेवा. इकडे अंबरनाथ, तिकडे अडीच डबे.

वस्तू ओळखायची पद्धतही अशीच डोळे विस्फारायला लावणारी. लॅपटॉपच्या आत पीसीआय मार्गावर बसलेलं प्रत्येक कार्ड स्वतःचे दोन क्रमांक सांगतं: एक कंपनीचा, एक वस्तूचा. प्रत्येक क्रमांकाला ६५,५३६ शक्यता. दोन्ही मिळून ४२९ कोटी जोड्या! देशातल्या प्रत्येक माणसाला दोन-दोन वाटल्या तरी उरतील. इंटेलनं स्वतःसाठी घेतलेला कंपनी क्रमांक आहे ८०८६, आपल्या गाजलेल्या चिपच्या नावाचा. कर्नेल हे दोन आकडे वाचतं, आपल्या यादीत शोधतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नेमका दुभाषा हजर करतं.

हे सगळं लिहितं कोण? नऊ-दहा आठवड्यांनी एक नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत साधारण १३ ते १४ हजार बदल असतात. रात्र, रविवार, गणपती, दिवाळी काही न वगळता भाग घाला: दर सात मिनिटांनी एक बदल! ठाण्याहून धीमी लोकल पकडा. कल्याण येईपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्यात जगातल्या चार वेगवेगळ्या दुरुस्त्या कर्नेलमध्ये शिरलेल्या असतात. कर्नेलच्या नोंदीत २०२० सालीच १० लाखांहून अधिक बदल जमा झाले होते.

आणि ही माणसं किती? एका आवृत्तीमागे साधारण २,०००. संध्याकाळच्या गर्दीत बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार हजारांहून जास्त माणसं कोंबलेली असतात. म्हणजे एका आवृत्तीचे सगळे लेखक कल्याण लोकलमध्ये चढवले तर अर्धी गाडीसुद्धा भरणार नाही!

आता या अर्ध्या गाडीनं काय उभं केलं ते पाहा. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक, पाचशेच्या पाचशे, लिनक्सवर चालतात. एकही अपवाद नाही. पुण्यातल्या सी-डॅकचा परम सिद्धी नोव्हेंबर २०२० मध्ये या यादीत त्रेसष्टावा होता. तोही लिनक्सवर. ठाणे जिल्ह्यातल्याच ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या आहेत. जगभर अशा इमारतींतले बहुसंख्य सर्व्हर चालवतं तेही हेच कर्नेल. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं. आणि तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशीही तेच. गुगलनं २०२१ मध्ये सांगितलेला आकडा: वापरात असलेली अँड्रॉइड उपकरणं ३०० कोटी! प्रत्येकाची लांबी १५ सेंटिमीटर धरा आणि एकापुढे एक मांडत जा. रांग साडेचार लाख किलोमीटरची होते. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर. रांग चंद्राला पोचते आणि उरलेल्या फोनांनी पृथ्वीला विषुववृत्तावर दीड फेरा घालता येतो.

किंमत? ऑक्टोबर २००८ मध्ये, आपली पट्टी डोंबिवलीला होती तेव्हा, लिनक्स फाउंडेशननं हिशेब मांडला: फक्त कर्नेल नव्यानं लिहून घ्यायचं तर १४० कोटी डॉलर लागतील. तेव्हा डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ६,७०० कोटी रुपये. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग बांधायला १,६३० कोटी लागले होते. त्या एका डोंबिवलीपर्यंतच्या पट्टीत चार द्रुतगती मार्ग! पाचशेच्या नोटा एकापुढे एक लावल्या तर वीस हजार किलोमीटर, अर्धी पृथ्वी. आणि तुम्हाआम्हाला ते मिळतं किती रुपयांना? शून्य. उतरवून घ्या, वाचा, बदला, वाटा.

आता खरा प्रश्न. एवढ्या अरण्यात माणूस हरवत कसा नाही? कारण इथे कोडाइतकंच मोलाचं आहे ते त्याच्याविषयी लिहून ठेवणं. कर्नेलमध्ये दस्तऐवजांचं वेगळं दालन आहे. शिवाय कोडामध्येच ठरावीक खुणेनं सुरू होणाऱ्या टिपा लिहितात आणि त्या टिपांमधून मार्गदर्शिका आपोआप तयार होते. कर्नेल सुरू होताना त्याला कोणत्या सूचना देता येतात, नुसती एवढी यादीच ६,००० ओळींच्या वर. तीस मीटर, दीड डबा! आणि कोणत्या भागाबद्दल कुणाला विचारायचं, याची एक फाइल आहे. तिच्या ओळी २०,००० हून जास्त. १९९१ च्या अख्ख्या कर्नेलच्या जवळपास दुप्पट लांब, आणि आत काय तर कोण कशाची काळजी घेतं एवढंच!

या दालनात एक मराठी नावही कोरलेलं आहे. कर्नेल चालू असताना त्याला मध्येच थांबवून आत डोकावण्याचं साधन आहे, केजीडीबी. २००८ मध्ये ते मुख्य कर्नेलमध्ये आलं. त्याआधी कित्येक वर्षं ते जपलं आणि वाढवलं पुण्यातल्या लिनसिससॉफ्टच्या अमित काळे यांनी. केजीडीबीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत लेखनाला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे. कोट्यवधी ओळींच्या पसाऱ्यात एखादा ड्रायव्हर अडकला, की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस ते पान उघडतो आणि तिथे काळे हे नाव वाचतो.

याच दालनात भाषांतरांचा कप्पा आहे. चिनी आहे, जपानी आहे, कोरियन आहे, इटालियन आहे, स्पॅनिश आहे. मराठी नाही. दोनशे किलोमीटरच्या पट्टीत मराठीचा एक सेंटिमीटर नाही! पवईच्या आयआयटीनं स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स वापरायचे धडे मराठीतून दिले आहेत, म्हणजे वाट पडलेली आहे. एक पान मराठीत आणायचं म्हणजे पन्नास ओळी, पट्टीवर पंचवीस सेंटिमीटर. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या पोरापोरींनी मनावर घेतलं तर पहिला मीटर किती दिवस दूर राहील?

आणि आता सगळ्यांत मोठा आकडा. जरा घट्ट धरून बसा.

दोन कोटी चाळीस लाख ओळींचे सगळे ड्रायव्हर कुणालाच नको असतात. तुम्हाला तुमच्या यंत्रापुरते हवेत. म्हणून कर्नेल बांधण्याआधी ते तुम्हाला प्रश्न विचारतं: हा ड्रायव्हर हवा? हे वैशिष्ट्य हवं? उत्तर ‘हो’, ‘नाही’, किंवा बऱ्याच ठिकाणी तिसरं, ‘वेगळा ठेव, लागेल तेव्हा जोडू’. असे प्रश्न सगळ्या यंत्रप्रकारांचे मिळून १५ हजारांच्या वर. एका प्रश्नाला पाच सेकंद दिले तर सलग २१ तास. डोंबिवली ते सीएसएमटी एकवीस वेळा!

पण वेळ हा मुद्दाच नाही. उत्तरांचे संच किती होतात ते मोजू. हिशेब सोपा राहावा म्हणून तिसरं उत्तर सोडून देऊ, फक्त हो आणि नाही ठेवू. आणि प्रत्येक संचासाठी पाण्याचा एक थेंब टाकू, एका मिलिलिटरला वीस थेंब.

दहा प्रश्न: १,०२४ संच. थेंब मिळून कटिंग चहाएवढं पाणीही नाही. वीस प्रश्न: १० लाख ४८ हजार संच, पाणी अडीच बादल्या. तीस प्रश्न: १०७ कोटी संच, दहा हजार लिटरचे पाच टँकर आणि वर थोडं. तेहतीस प्रश्न: ८५९ कोटी संच, पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त. वीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल विहीर काठोकाठ! चाळीस प्रश्न: तशा १२८ विहिरी. फक्त सात प्रश्न वाढले आणि एकाच्या एकशे अठ्ठावीस झाल्या. त्रेपन्न प्रश्न: बदलापूरजवळचं बारवी धरण, त्याचं ३४ कोटी घनमीटर पाणी, पूर्ण भरून सांडव्यावरून धो धो वाहतंय. एकोणसाठ प्रश्न: विश्व जन्मल्यापासून जितके सेकंद झाले त्याहून अधिक संच. पंच्याऐंशी प्रश्न: अरबी समुद्र, हिंदी महासागर, पॅसिफिक, अटलांटिक, पृथ्वीवरचे सगळे समुद्र एकेका थेंबानं भरून झाले. आणि अजून आपण पंधरा हजारांपैकी शंभराव्या प्रश्नापर्यंतही पोचलो नाही!

इथून पुढे पाणी पुरत नाही, अणू घ्यावे लागतात. दृश्य विश्वातले सगळे अणू, सगळ्या ताऱ्यांतले, सगळ्या आकाशगंगांतले, मिळून एकावर ऐंशी शून्यं धरतात. दोनशे सहासष्टाव्या प्रश्नाला उत्तरांचे संच त्यांच्याही पुढे जातात. विश्व संपलं. प्रश्न उरले चौदा हजार सातशे चौतीस.

पंधरा हजारांपर्यंत गेलो तर जी संख्या येते तिला ४,५१६ अंक आहेत. संचांची संख्या ४,५१६ नव्हे, ती संख्या लिहायलाच ४,५१६ अंक लागतात! एका अंकाला चार मिलिमीटर जागा द्या. विश्वातल्या अणूंची संख्या ३२ सेंटिमीटरमध्ये लिहून होते, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. कर्नेलच्या संचांची संख्या लिहायला १८ मीटर लागतात. लोकलच्या डब्याच्या बाहेरच्या अंगावर या दारापासून त्या दारापर्यंत अंकच अंक! हे खरं, की बरेच प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. एकाला ‘नाही’ म्हटलं की त्याच्याखालचे कित्येक गळून पडतात आणि संख्या खाली येते. पण दुसरीकडे ते तिसरं उत्तर आपण मोजलंच नव्हतं, ते तिला पुन्हा वर ढकलतं. कसंही धरा, विश्व फूटपट्टीवर मावतं आणि ही संख्या तिच्यावर मावत नाही.

आणि तरीही कर्नेल दररोज, जगभर, असंख्य यंत्रांवर बिनबोभाट बांधलं जातं! कारण बहुतेक प्रश्नांखाली कुणीतरी चार ओळींची मदत लिहून ठेवली आहे: हा ड्रायव्हर कोणत्या वस्तूचा, कुणाला लागेल, कुणाला नाही, खात्री नसेल तर काय उत्तर द्यावं. कारण प्रत्येक यंत्रप्रकारासाठी जाणत्यांनी आधीच उत्तरं भरून ठेवलेली आहेत. आणि त्यावर कडी म्हणजे ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही एक आज्ञा. ती तुमच्या लॅपटॉपमध्ये या क्षणी कोणते ड्रायव्हर कामाला लागलेत ते पाहते, न लागणारे वेगळे ड्रायव्हर गाळून टाकते आणि तुमच्या यंत्राच्या मापाचा संच पुढे ठेवते. ४,५१६ अंकी शक्यतांमधून नेमका तुमचा एक! विश्वातले सगळे अणू एकेक करून तपासण्याहून अफाट असलेला शोध एका ओळीत आटोपतो. खर्च शून्य रुपये, जागा पट्टीवर पाच मिलिमीटर.